न प्यायलेली दारू

दारू ओळखायला बेबीला बाटली दिसावी लागत नसे. तिचे वडील पिणारे होते. ते रस्त्याच्या वळणावर असतानाच त्यांच्या चपलांच्या आवाजावरून आज कितपत झाली आहे ते ती आईला सांगायची, आणि आई त्या मानानं धाकट्यांना आतल्या खोलीत पाठवायची. त्यामुळे पुढे लग्नाचं बोलणं निघालं तेव्हा तिनं घर विचारलं नाही, शिक्षण विचारलं नाही. एवढंच विचारलं, "पितो का?"

"मला चहा जास्त झाला तर झोप येत नाही," होणारा नवरा म्हणाला होता. "दारू कुठली पेलणार?"

आणि खरंच, त्या माणसानं आजवर दारूला शिवूनही पाहिलं नव्हतं.

बेबी हे काही तिचं खरं नाव नव्हतं, पण लहानपणी चिकटलं ते पन्नाशी जवळ आली तरी सुटलं नाही. तिच्या नवऱ्यालाही बाजारात कोणी खऱ्या नावानं ओळखत नसे. ते 'डागवाले'. दोन खोल्यांचं लाँड्रीचं दुकान. बाहेर काउंटर आणि इस्त्रीचं टेबल, आत धुलाई. शाई, गंज, तेल, रक्त, कुठलाही डाग घेऊन या, डागवाले तो बोटानं चाचपणार, नाकाशी नेणार, उजेडात धरणार आणि मग कामाला लागणार. एखाद्या गिऱ्हाइकाचा टाय बघून हळूच बेबीला म्हणायचे, "हे गृहस्थ जेवताना बोलतात. आणि डावखुरे आहेत." बेबी हसू दाबत पावती फाडायची.

भारी कोट, सूट, लोकरीचे कपडे ते पूर्वी दुसऱ्यांच्या कारखान्यात ड्रायक्लीनला पाठवत. तिथून कपडे उशिरा येत, कधी बटणं गायब होऊन येत, आणि शिव्या मात्र यांना बसत. म्हणून गेल्या उन्हाळ्यात त्यांनी एका बंद पडलेल्या दुकानातलं जुनं मशीन घेतलं. ते आतल्या खोलीत बसवलं तेव्हा दोघं शेजारी उभी राहून नवी सून न्याहाळावी तशी त्याच्याकडे बघत राहिली. मोठा गोल दरवाजा, आत फिरणारं पिंप, आणि पोटात पर्क नावाचं पाण्यासारखं दिसणारं औषध. पाणी न लावता कपडा स्वच्छ करणारं. त्याला गोडसर वास होता. मशीनच्या दरवाजाचं रबर थोडं झिजलेलं होतं, पण जुन्या वस्तूला एवढं तेवढं असायचंच.

भिंतीत एक पंखा होता, आतली हवा जिन्याच्या बोळात फेकणारा. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंनी वासाची तक्रार केली. डागवाले भांडणाला भिणारे. त्यांनी पंखा काढला आणि त्या जागी फळी ठोकली. मग थंडी आली, तशी मागची खिडकीही बंद झाली.

बेबी बाहेर काउंटरवर असायची, दारातच. इस्त्रीवाले काका तिच्या बाजूला, तोंड रस्त्याकडे करून. आत फक्त डागवाले. दिवसभर. संध्याकाळी मशीनच्या तळाचा काळा गाळ काढायचा असे, तोही तेच काढायचे, झाकण उघडून, डोकं जवळजवळ आत घालून.

पहिल्यांदा तिच्या लक्षात आलं ते त्यांचं हसणं. डागवाले गालातल्या गालात हसणारे. एका संध्याकाळी काकांनी काहीतरी साधंच म्हटलं आणि हे खो खो हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. हसता हसता भिंतीला टेकले. काकांनी बेबीकडे बघितलं. बेबीनं कोटांकडे.

मग वस्तू हातातून पडू लागल्या. बोलताना जीभ जड. एकाच गिऱ्हाइकाला एकच प्रश्न दोनदा. घरी आल्यावर कधी नुसते बसून राहायचे, कधी मीठ कमी आहे म्हणून ताट ढकलायचे, आणि दुसऱ्या दिवशी त्यातलं काही आठवायचं नाही. "मी? ताट ढकललं? काहीतरीच काय बोलतेस!"

हे वाक्य बेबीनं आयुष्यात पूर्वीही ऐकलं होतं. दुसऱ्या आवाजात.

ती एका रात्री त्यांच्या जवळ गेली, लाडानं जावं तशी, आणि त्यांचा श्वास हुंगला. दारूचा वास नव्हता. पण गोडसर काहीतरी होतं. 'दारूचा वास दाबायला काहीतरी चघळतात,' तिनं ठरवलं. वडील लवंगा चघळायचे.

सुट्टीच्या दिवशी डागवाले घरी असत. डोकं धरून बसत, दुपारपर्यंत जरा माणसात येत, आणि संध्याकाळी अगदी पूर्वीसारखे होत. मुलीशी पत्ते खेळत. बेबी स्वयंपाकघरातून बघायची. माझ्यासमोर पीत नाहीत. म्हणजे बाटली दुकानात आहे. दोन आणि दोन चार.

ते काहीतरी आणायला बाहेर गेले की ती आतली खोली उपसू लागली. हँगरच्या खोक्यांमागे, साबणाच्या पिशव्यांखाली, बॉयलरच्या मागे. काही सापडलं नाही. न सापडणं हाही तिला पुरावाच वाटला. मुरलेला पिणारा कधी सापडतो का?

"वहिनी," एकदा काका इस्त्री उभी करून म्हणाले, "तुम्ही काय शोधता ते मला कळतं. पण माझ्या नजरेला तसं काही आलेलं नाही, बरं का."

"तुमची नजर रस्त्यावर असते, काका," ती म्हणाली. काकांनी इस्त्री पुन्हा उचलली.

त्यांची मुलगी चिमी चित्रकला शिकत होती. तिच्या वर्गाचं प्रदर्शन होतं, शेवटच्या वर्षाचं. चिमीचं एक चित्र मधल्या भिंतीवर लावलं होतं. बेबीनं चांगले कपडे घातले, सकाळपासून नवऱ्याला बजावलं, "आज लवकर मशीन बंद करा. आणि नीट या." त्या 'नीट'वर तिनं जोर दिला. त्यांनी तिच्याकडे थोडा वेळ बघितलं, काहीतरी विचारायचं असावं तसं, आणि मान हलवली.

ते उशिरा आले, थेट दुकानातून. दारातच त्यांचा पाय उंबऱ्याला अडला. मग हसत हसत, लोकांना धक्के देत मधल्या भिंतीपाशी पोचले. चिमीच्या शेजारी तिच्या सरांना बघून त्यांनी नमस्कार केला, जरा जास्तच वाकून. मग चित्राकडे बघितलं.

"वा!" ते मोठ्यानं म्हणाले. "वा वा! काय बर्फ काढलाय पोरीनं! सगळीकडे बर्फच बर्फ!"

चित्रात फुलांनी भरलेलं शेत होतं. फिकट पिवळं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. चिमीनं त्या पिवळ्या रंगावर कितीतरी आठवडे घालवले होते, आणि तो रंग तिला आला होता बाबांकडून. लहानपणी दुकानात बसवून त्यांनीच तिला पिवळ्यातले पिवळे दाखवले होते: हा लोण्याचा, हा पेंढ्याचा, हा जुन्या कागदाचा.

"बाबा, ते पिवळं आहे," ती हळू म्हणाली.

"चल! मला शिकवते पिवळं!" ते पुन्हा हसू लागले, तोल गेला, आधाराला त्यांनी बाजूची चौकट धरली आणि ती त्यांच्यासकट खाली आली. शेजारच्या कुणाची तरी दोन चित्रं पडली. काच फुटली. कुणीतरी मागून म्हणालं, "चढलीये." सगळ्यांना ऐकू गेलं.

घरी येताच चिमी आपल्या खोलीत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. बेबीनं कपाटातून एक जाड पांघरूण काढलं, त्याची नीट घडी घातली आणि नवऱ्याच्या हातात दिलं.

"जिथं पिता तिथंच झोपा."

"बेबी, मी पीत नाही."

"माझा बापही पीत नव्हता."

"चिमीची शपथ."

"तिची शपथ घालू नका!" ती ओरडली. "माझ्या बापानं माझ्या शपथा घालून घालून मला झिजवलं. मी माझ्या पोरीचं तसं होऊ देणार नाही."

डागवाले पांघरूण छातीशी धरून उभे राहिले. त्यांचा चेहरा आता हसरा नव्हता, रागीटही नव्हता. घाबरलेला होता. "कदाचित..." ते म्हणाले आणि थांबले. वाक्य पुरं केलंच नाही. चपला घालून निघून गेले.

सकाळी काका दुकानाशी आले तेव्हा शटर आतून बंद होतं. त्यांनी हाका मारल्या, शटरवर हात आपटले, मग शेजारच्या पोराच्या फोनवरून बेबीला बोलावलं. ती धावत आली. दोघांनी खालच्या फटीत पहार घालून शटर उचकटलं. आतून तो गोड वास लोटासारखा अंगावर आला.

थंडी म्हणून डागवाल्यांनी आतल्या खोलीत अंथरलं होतं, मशीन दिवसभर चालून गरम असतं तिथं, त्याच्या कुशीत. शेजारी काढलेल्या गाळाची बादली, उघडी. ते कुशीवर पडले होते, ओठ निळसर, श्वास मोजता यावा इतका हळू. काकांनी पाय धरले, तिनं बगला. रस्त्यावर आणून ठेवलं तेव्हा तिला स्वतःलाही भोवळ येत होती.

इस्पितळात तरुण डॉक्टरानं डोळ्यांत बॅटरी मारत विचारलं, "हे पितात का?"

"हो," बेबी म्हणाली. क्षणाचाही विचार न करता.

"रोज?"

"रोज."

त्यानं तसं लिहून घेतलं. प्राणवायू लावला, सलाईन लावलं. बाहेरच्या बाकावर चिमी आईच्या शेजारी बसली होती. पण मधे एक माणूस बसेल एवढी जागा ठेवून.

दुपारी एक वयस्क डॉक्टरीणबाई आल्या. हातात कागद होते. "तुम्ही सांगितलंत की हे पितात," त्या म्हणाल्या. "यांच्या रक्तात दारूचा थेंब नाही. यकृत तर तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं आहे. हे काम काय करतात?"

बेबीनं सांगितलं. सांगता सांगता तिचा आवाज बारीक होत गेला. खोली केवढी, खिडकी आहे का, पंखा आहे का, मशीनचं दार घट्ट बसतं का, बाई एकेक विचारत गेल्या. प्रदर्शनातल्या बर्फाचं चिमीनं सांगितलं तेव्हा बाईंनी मान वर केली. "पिवळा पांढरा दिसला? निळ्यातही चुकतात?"

"हो. हल्ली गडद निळी पँट काळ्या कोटाबरोबर देऊन टाकतात," बेबी म्हणाली. "मला वाटलं, शुद्धीत नसतात म्हणून."

बाई तिच्या शेजारी बसल्या. मधल्या रिकाम्या जागेत.

"मेंदूतल्या पेशी एकमेकींना रसायनांतून निरोप पाठवतात," त्या म्हणाल्या. "निरोप आला तर तो घ्यायला समोरच्या पेशीच्या अंगावर जागा लागते. त्याला रिसेप्टर म्हणतात."

"म्हणजे काउंटर," बेबी म्हणाली.

"काउंटर म्हणा. त्यातले काही काउंटर 'शांत हो, हळू घे' हा निरोप घेतात. काही 'जागा राहा, लक्षात ठेव' हा. तुमच्या त्या औषधाची वाफ फुफ्फुसातून रक्तात जाते, रक्तातून मेंदूत. तिथं ती या काउंटरांवर जाऊन लुडबुड करते. 'शांत हो' मोठ्यानं ऐकू येऊ लागतं आणि 'लक्षात ठेव' दबून जातं. मग पाय लटपटतात, जीभ जडावते, माणूस उगाच हसतो, उगाच चिडतो, आणि विसरतो."

"दारूसारखं," चिमी म्हणाली.

"दारू त्याच काउंटरांवर जाते, बाळ. म्हणूनच फरक कळत नाही. आम्हालाही कळला नाही सकाळी." त्यांनी तरुण डॉक्टराकडे बघितलं नाही, पण तो ऐकत होता. "रंगांचं कोडं वेगळं. डोळ्यांपासून मेंदूपर्यंत कुठे आणि कसं बिघडतं ते अजून पूर्ण उलगडलेलं नाही, पण या धंद्यातल्या लोकांत ते दिसतं."

बेबीनं मनातल्या मनात दिवस मोजले. मग म्हणाली, "सुट्टीच्या दिवशी चांगले असायचे."

"वाफ नसायची ना त्या दिवशी."

दोन आणि दोन चारच होते. बेरीज तिनं बरोबर केली होती. आकडेच दुसरे होते.

डागवाले शुद्धीवर आले, पण घरी आल्यावर बरे झाले असं म्हणता येईना. हात थरथरायचे. झोप नाही. भांडं वाजलं तरी दचकायचे, आणि मग आपण दचकलो म्हणून संतापायचे. बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं: मेंदूला वाफेची सवय झाली, त्यानं आपले काउंटर कमी-जास्त करून घेतले, आता वाफ नाही तर तो गडबडून जाईल, वेळ द्या. बेबी वेळ देत होती. पण तिला आठवत होतं की वडीलही दारू सोडायचा प्रयत्न करत तेव्हा असेच थरथरायचे, आणि तेव्हा तिला त्यांची फक्त घृणा वाटली होती.

एका दुपारी ती त्यांच्या पाठीला उशी लावत होती. ते भिंतीकडे बघत म्हणाले, "मी पण शोधली होती."

"काय?"

"बाटली. दुकानात. तू शोधायचीस ते मला माहीत होतं. हँगरची खोकी सरकलेली असायची." ते थांबले. "आधी राग आला. मग वाटलं, बेबी दारूच्या बाबतीत चुकत नाही. तिला येणाऱ्याच्या चपलेवरून कळतं. मला तर काल काय झालं तेही आठवत नाही. म्हणजे मी पीत असणार आणि विसरत असणार. मग मी पण शोधू लागलो. कुठं लपवली असेन मी, असा विचार करून."

बेबीच्या हातात उशी तशीच राहिली.

"त्या रात्री पांघरूण घेऊन दुकानात गेलो तेव्हाही शोधली," ते म्हणाले. "बॉयलरच्या मागे हात घालून. सापडली नाही तर रडू आलं मला. सापडली असती तर निदान सोडता तरी आली असती."

ती खाली बसली. 'माझं चुकलं' एवढ्यानं भागणार नव्हतं. तिनं त्यांचा थरथरता हात आपल्या दोन्ही हातांत धरला. तो थांबला नाही, पण त्यांनी तो काढूनही घेतला नाही.

चिमीनं आपल्या परीनं केलं. तिनं रंगांच्या नळ्या आणून बाबांपुढे ओळीनं मांडल्या. ते एकेक ओळखत. लाल ओळखला, तपकिरी ओळखला. फिकट पिवळ्याशी आले की अंदाज करत, आणि अंदाज करताहेत हे लपवायला खोकत. काही महिन्यांनी गडद निळा परत आला. फिकट पिवळा आला नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, येईल किंवा येणार नाही.

दुकान पुन्हा उघडलं ते साध्या पाण्याच्या धुलाईनं. फळी काढून पंखा बसवला. वरच्या भाडेकरूंना बेबी स्वतः जाऊन सगळं सांगून आली, तुम्हीही डॉक्टरांकडून तपासून घ्या म्हणाली. मशीन मात्र आतल्या खोलीत तसंच होतं, पोट रिकामं करून.

मग एक जोडपं आलं. नुकतंच लग्न झालेलं, दुसऱ्या वस्तीत दुकान टाकायच्या बेतात. त्यांना मशीन हवं होतं. मुलीनं गोल दरवाजावरून हात फिरवला. ती ते कशी बघते आहे, हे बेबीनं ओळखलं.

"जागा कशी आहे?" डागवाल्यांनी विचारलं.

"छोटी आहे, पण चालेल," मुलगा म्हणाला.

"खिडकी?"

"आहे ना. समोर गॅरेज आहे, धूळ येते म्हणून बंद ठेवतो."

"हे मशीन देणार नाही," डागवाले म्हणाले.

बेबीनं त्यांना बाजूला घेतलं. घरात मशीनच्या पैशांची गरज होती आणि ती ते लपवत नव्हती. "त्यांना सगळं सांगू. नवं रबर बसवायला लावू. खिडकी उघडी ठेवा म्हणू. शहाणी माणसं आहेत."

"आपण काय वेडी होतो?"

तिची नजर भिंतीतल्या पंख्याकडे गेली.

"थंडी पडली की ते खिडकी लावणार," ते म्हणाले. "शेजारी कुरकुरले की पंखा काढणार. मग तो अडखळायला लागेल, आणि ती पोरगी त्याचं तोंड हुंगेल." त्यांचा आवाज चढला, हात पुन्हा थरथरू लागला. तो राग आजाराचा होता की त्यांचा स्वतःचा, हे बेबीला सांगता आलं नसतं, आणि पहिल्यांदाच तिला वाटलं की ते सांगायची गरज नाही.

ती बाहेर गेली. "मशीन विकायचं नाही," ती त्या जोडप्याला म्हणाली. "पण बसा थोडं. चहा घ्या. हे मशीन का विकायचं नाही ते ऐकून जा."

मुलगा घड्याळाकडे बघू लागला. मुलगी बसली.

पुढच्या आठवड्यात भंगारवाला आला आणि त्यानं मशीन कटरनं कापून तुकडे केले. डागवाले रस्त्यापलीकडे उभे राहून बघत होते. इस्त्रीवाले काका त्यांच्या शेजारी. गाडी गेली, दोघं दुकानात परतले, तेव्हा आत आलेल्या पहिल्याच गिऱ्हाइकानं काउंटरवर एक पांढरा अंगरखा ठेवला आणि विचारलं, "हा पिवळट डाग निघेल का हो?"

डागवाल्यांनी तो उजेडात धरला. बराच वेळ धरला.

"बेबी," त्यांनी हाक मारली, "जरा ये इकडे. डाग कुठे आहे, मला दाखव."